टॉगल स्विचसाठी एलएम३५८ : १२ व्होल्टला झक्कास, ३ व्होल्टला नको

दहा-बारा रुपयांच्या आयसीचा काय रिव्ह्यू लिहायचा असं वाटेल, पण ऑनलाइन दुकानांत एलएम३५८ च्या खाली जे लिहिलेलं असतं ना, "गुड प्रॉडक्ट", "पॅकिंग मस्त", "टाइमवर आलं", त्यावरून काही म्हणजे काही कळत नाही. म्हणून एकच काम धरून सांगतो की त्या कामाला हा आयसी कसा आहे. काम म्हणजे पुश बटणाचा टॉगल, एकदा दाबलं की दिवा लागला, परत दाबलं की गेला, आणि मधल्या वेळात बटणावर बोट नसलं तरी चालू आहे ते चालू, बंद आहे ते बंद.

हे कशाला पाहिजे होतं तर आजीच्या खाटेशी १२ व्होल्टची एलईडी पट्टी लावलीय, मीटरभराची, आणि तिचा खटक्याचा स्विच आजीच्या बोटांना दबत नाही. बेलचं बटण मात्र तिला व्यवस्थित दाबता येतं. तिची ऑर्डर एका वाक्यात होती, "दाबलं की लागू दे, दाबलं की जाऊ दे, मला त्यात वर-खाली काय ते नको." भाचा लगेच म्हणाला, मामा अर्डुइनो लाव की, दहा ओळींचा कोड आहे. आता एका दिव्यासाठी अख्खा प्रोसेसर, त्याला वेगळे ५ व्होल्ट काढा, आणि उद्या काही बिघडलं तर लॅपटॉप उघडून बसा, हे मला पटत नाही. शिवाय एलएम३५८ हा ऑप अँप आहे, म्हणजे प्लस इनपुट मायनसपेक्षा वर असलं की आउटपुट वर आणि खाली असलं की आउटपुट खाली नेणारा आयसी, आणि ऑप अँपने टॉगल करता येतो हे पुस्तकात फारसं कुणी दाखवत नाही, कॉलेजात ७४१ हा जुना ऑप अँप घेऊन इन्व्हर्टिंग नॉन-इन्व्हर्टिंग करून जर्नलवर सही झाली की विषय संपतो.

माल पुण्यातल्या बुधवार पेठेतला, पासोड्या विठोबाजवळ तपकीर गल्लीच्या बाजूला जी दुकानं आहेत तिथला. मुंबईवाल्यांना लॅमिंग्टन रोड आहेच, ग्रँट रोड स्टेशनातून चालत. काउंटरवर "थ्री फाइव्ह एट" म्हणायचं आणि सोबत आठ पिनांचा आयसी बेस मागायचा, बेस न घेता आयसी डायरेक्ट सोल्डर करणाऱ्यांना माझा नमस्कार. एक गोष्ट बघून घ्या, गर्दीच्या वेळी एलएम३९३ हातात टेकवतात कधीकधी, दिसायला तसाच, आठ पाय, पिनांचा क्रमसुद्धा तोच, पण तो कम्पॅरेटर आहे, म्हणजे नुसती दोन व्होल्टेजांची तुलना करणारा, त्याचं आउटपुट ओपन कलेक्टर असतं, म्हणजे तो आउटपुटला फक्त खाली ओढतो, वर ढकलत नाही. आउटपुट आणि सप्लायमध्ये पुल-अप रेझिस्टर लावला तर त्यानेही टॉगल होतो, पण खालचे सगळे आकडे बदलतात. आणि ऑनलाइन एका ठिकाणाहून मागवलेल्या पाकिटातले काही नग भलतेच निघाले, छापील नंबर ३५८ चा आणि आउटपुट खाली दीड व्होल्टच्या खाली जायलाच तयार नाही. खरा ३५८ ओळखायची ही सोपी परीक्षा आहे, लोड न लावता आउटपुट खाली पाडा, तो जवळजवळ ग्राउंडला गेला पाहिजे, आणि आयसीचा स्वतःचा करंट मिलिअँपिअरच्या आसपास किंवा त्याहून कमी असला पाहिजे.

आता सर्किट. पार्ट मोजके आहेत, शंभर के (किलोओम) चे पाच रेझिस्टर, एक मेगचा (मेगओम) एक, २२४ लिहिलेला कपॅसिटर म्हणजे ०.२२ मायक्रोफॅरड, १०३ वाला म्हणजे ०.०१ चा एक, आणि सप्लायवर आयसीच्या अगदी पायाशी १०४ चा म्हणजे ०.१ चा एक. शंभर के म्हणजे तपकिरी-काळा-पिवळा आणि मेग म्हणजे तपकिरी-काळा-हिरवा, रात्री पिवळ्या बल्बखाली हे दोन एकमेकांसारखे दिसतात, तेव्हा लावायच्या आधी मीटरवर मोजून घेतलेले बरे.

तीन नंबरच्या पिनला, म्हणजे प्लस इनपुटला, दोन शंभर के लावायचे, एक वर सप्लायला एक खाली ग्राउंडला, म्हणजे ती पिन अर्ध्या व्होल्टेजला बसणार. तिसरा शंभर के एक नंबर पिनवरून, म्हणजे आउटपुटवरून, परत तीन नंबरला. हाच सगळ्या खेळाचा कणा. आउटपुट वर असेल तर तो तीन नंबरला वर ओढतो, खाली असेल तर खाली ओढतो, म्हणजे जे चालू आहे त्याचीच बाजू घेतो. याला हिस्टेरेसिस म्हणतात, आणि पाण्यात बसलेल्या म्हशीसारखा हा प्रकार आहे, एका हाकेने उठत नाही, आणि एकदा उठून चालायला लागली की एका हाकेने परत बसतही नाही, दोन्हीकडे नीट ढोसावं लागतं.

दोन नंबरच्या पिनला, मायनस इनपुटला, उरलेले दोन शंभर के, तेही एक वर एक खाली. इथे आउटपुटवरून परत येणारा फीडबॅक वगैरे काही नाही, ही पिन निवांत मध्यावर बसते. मग आउटपुटवरून एक मेगमधून ०.२२ चा कपॅसिटर भरायचा, त्याचा दुसरा पाय ग्राउंडला. आणि बटण कुठे, तर कपॅसिटरचं वरचं टोक आणि दोन नंबरची पिन यांच्या मध्ये. झालं सर्किट.

चालतं कसं बघा. दिवा चालू आहे म्हणजे आउटपुट वर, त्यामुळे कपॅसिटर हळूहळू वरच्या व्होल्टेजला भरून बसलाय. बटण दाबलं की ते व्होल्टेज सरळ मायनस इनपुटवर आदळतं, मायनस वर गेला की आउटपुट खाली, दिवा गेला. आता आउटपुट खाली म्हणून कपॅसिटर मेगमधून रिकामा व्हायला लागतो. पुढच्या वेळी दाबलं की मायनसवर शून्य येतं, आउटपुट वर, दिवा लागला. थोडक्यात तो कपॅसिटर मागची अवस्था लक्षात ठेवतो आणि बटण दाबलं की तीच आयसीच्या तोंडावर फेकतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आवडलं होतं, कारण फ्लिप-फ्लॉप, क्लॉक, असलं एकही नाव न घेता टॉगल झालाय.

आकडे टाकल्याशिवाय मजा नाही. १२ व्होल्ट सप्लाय धरा. एलएम३५८ चं आउटपुट खाली जवळजवळ ग्राउंडपर्यंत जातं पण वर पूर्ण १२ पर्यंत जात नाही, साधारण दीड व्होल्ट अलीकडेच थांबतं, म्हणजे १०.५. तिन्ही शंभर के सारखे असल्यामुळे तीन नंबरच्या पिनवर सप्लायचा एक तृतीयांश अधिक आउटपुटचा एक तृतीयांश येतो. आउटपुट वर असताना ४ अधिक ३.५, म्हणजे ७.५ व्होल्ट. आउटपुट खाली असताना फक्त ४. आणि मायनस बसलाय ६ वर, दोघांच्या मध्ये. वरच्या बाजूला दीड व्होल्टची मोकळीक, खालच्या बाजूला दोनची. सारखी नाहीये, आणि ती का सारखी नाही याचं कारण तोच वरचा हरवलेला दीड व्होल्ट.

हा दीड व्होल्ट लक्षात ठेवा, या आयसीचं टॉगलमधलं सगळं बरं-वाईट त्यावरच आहे.

बटण दाबून धरलं तर काय, हा पहिला प्रश्न कुणीही विचारेल, आणि बऱ्याच घरगुती टॉगल सर्किटचा घोटाळा इथेच असतो, बोट ठेवून धरलं की दिवा लागतो विझतो लागतो विझतो असा नाच सुरू होतो. कारण उघड आहे, कपॅसिटर, त्याला भरणारा रेझिस्टर आणि हिस्टेरेसिस हे तीन एकत्र आले की ऑसिलेटरच होतो. इथे तो होत नाही कारण दोन नंबरवरचे दोन शंभर के मिळून पन्नास के सारखे वागतात आणि भरणारा रेझिस्टर आहे एक मेग, वीसपट. बटण धरून ठेवलं की कपॅसिटर आउटपुटचं ऐकत नाही, मध्याचं ऐकतो. दाबल्यावर दिवा बंद झाला असेल तर तो ५.७ व्होल्टवर येऊन थांबतो, चालू झाला असेल तर ६.२ वर. थ्रेशोल्ड, म्हणजे आउटपुट पलटायच्या पातळ्या, आहेत ४ आणि ७.५, दोन्हीपासून लांब. आजी बटणावर हात ठेवून झोपली तरी काही होत नाही, एकदा टॉगल होऊन तो गप्प. म्हणून मेगच्या जागी हाताशी आहे म्हणून शंभर के टाकू नका, मग ती वीसपट वाली भानगड संपली आणि नाच सुरू.

बटणाच्या बाउन्सचं पण असंच फुकटात भागतं. बेलचं बटण म्हणजे आत पितळेची पट्टी, दाबलं की ती काही मिलिसेकंद टकटक करत चिकटते आणि सोडताना तसंच. लॉजिक आयसीला हे टकटक वेगवेगळे दाब वाटतात, म्हणून त्याच्यापुढे वेगळं डिबाउन्स लावावं लागतं. इथे दाबताना पहिल्या टकटकीला आउटपुट पलटला की पुढच्या टकटकीत मायनस पिन एकतर मध्यावर असते नाहीतर कपॅसिटरच्या व्होल्टेजवर, आणि नव्या अवस्थेत ती दोन्ही व्होल्टेजं एकाच बाजूची आहेत. सोडताना कपॅसिटर मध्याजवळून निघून पलीकडच्या थ्रेशोल्डपर्यंत पोचायला वेळ घेतो, मेग आणि ०.२२ चा टाइम कॉन्स्टंट ०.२२ सेकंद, त्याच्या साधारण ०.३६ पट म्हणजे ऐंशी मिलिसेकंदाच्या आसपास. तेवढ्यात बटण शांत झालेलं असतं. १०४ टाकला तर ही सवलत छत्तीस मिलिसेकंदावर येते, टॅक्ट स्विचला ते पुरेल पण जुन्या झिजलेल्या बेलच्या बटणाला मी नाही टाकणार. उलट १ मायक्रोफॅरड टाकला तर दोन दाबांच्या मध्ये ताटकळत बसावं लागतं, आणि १ मायक्रोवाला दुकानात बहुतेक इलेक्ट्रोलिटिकच हातात देतात, तो इथे नकोच, त्यातून एक मायक्रोअँपिअर जरी लीक झाला तरी एक मेगवर अख्खा एक व्होल्ट पडतो. पॉलिस्टरचा घ्या, तो चौकोनी किंवा हिरवा-तपकिरी चपटा मिळतो तो.

आता तो दीड व्होल्ट. डेटाशीट म्हणते एलएम३५८ तीन व्होल्टपासून बत्तीस व्होल्टपर्यंत चालतो, आणि ते खरंच आहे, पण या सर्किटात नाही. हिशोब करा, ३ व्होल्ट सप्लाय, आउटपुट वर जाणार दीडपर्यंत, तीन नंबरच्या पिनवर १ अधिक ०.५ म्हणजे दीड, आणि मायनस मध्यावर म्हणजे तोही दीड. मोकळीक शून्य. दिवा लागेल आणि बटण सोडायच्या आत जाईल, किंवा लागणारच नाही, किंवा पंखा चालू केला की आपोआप जाईल. ३.३ ला पन्नास मिलिव्होल्ट मिळतात, त्याला मी मोकळीक म्हणत नाही. ५ व्होल्टला वरच्या बाजूला साधारण एक तृतीयांश व्होल्ट मिळतो, म्हणजे मोबाईलच्या चार्जरवर टेबलावर छान चालेल पण लांब वायर जोडली की मला भरवसा नाही. ९ ला पूर्ण एक व्होल्ट, तिथून पुढे बिनधास्त. कमी व्होल्टेजलाच करायचं असेल तर एमसीपी६००२ सारखा रेल-टू-रेल घ्या, तो १.८ पासून ६ व्होल्टपर्यंत चालतो आणि आउटपुट दोन्ही टोकांना नेतो, पण गल्लीत प्रत्येक दुकानात मिळेलच असं नाही आणि १२ व्होल्ट दिले तर तो गेलाच.

पण हाच दीड व्होल्ट एका ठिकाणी असा कामाला येतो की मला त्याच्याबद्दल तक्रारच करवत नाही. लाईट जाते आणि येते, आपल्याकडे हे काय नवीन नाही, आणि रात्री दोनला लाईट आली की टॉगलवाला दिवा लागलेल्या अवस्थेत उठला तर आजी जागी. या सर्किटात आउटपुटने वर टिकून राहायचं असेल तर त्याला सप्लायच्या अर्ध्याच्या वर जावं लागतं, आणि दीड व्होल्ट अलीकडे थांबणाऱ्या आयसीला ३ व्होल्टच्या खाली ते शक्यच नाही. अडॅप्टर शून्यावरून वर चढत असतो तेव्हा पहिल्या तीन व्होल्टपर्यंत एकच अवस्था टिकते, बंद. मग पुढे १२ झाले तरी तो बंदच राहतो. म्हणजे रिसेट सर्किट वेगळं लावलं नाही तरी चालतंय. रेल-टू-रेल आयसीत ही गंमत नाही, तिथे वर उठेल की खाली हे नशिबावर, कपॅसिटर लावून सांगावं लागतं. मी तो १०३ वाला सप्लाय आणि दोन नंबरच्या पिनमध्ये लावलाय तो थोडा यासाठी, पण जास्त करून वायरसाठी.

कारण वायर. खाटेपासून डब्यापर्यंत दोन-अडीच मीटर वायर भिंतीच्या कडेने जाते, त्याच पट्टीत पंख्याची वायर. दोन नंबरची पिन पन्नास केच्या इम्पिडन्सवर लटकलेली, तिला अडीच मीटरची शेपूट लावली म्हणजे तुम्ही अँटेनाच बांधली. आमच्याकडे ट्यूबलाईट चालू केली की कधीकधी पट्टी आपोआप लागायची, आजीला वाटलं मी काहीतरी ऑटोमॅटिक केलंय आणि ती खूश होती. १०३ लावल्यावर गेलं ते. बटणाच्या दोन वायरी एकमेकीत पिळून घेतल्या आणि कपॅसिटर डब्यातच ठेवला, बटणापाशी नाही. ज्यांना लांब वायर ओढायची आहे त्यांनी शंभर के च्या जागी सगळीकडे ४७ के आणि मेगच्या जागी ४७० के घेतले तरी गुणोत्तर तेच राहतं, पिन जरा दणकट होते, फक्त कपॅसिटर दुप्पट करा म्हणजे वेळ तीच राहील.

मीटरची एक गंमत सांगतोच, कारण यात नवीन पोरं हमखास अडकतात. कपॅसिटरवर किती व्होल्ट आहेत बघावं म्हणून तो स्वस्तातला पिवळा मीटर लावाल तर १०.५ च्या जागी सव्वापाच दिसतील. आयसी खराब नाहीये. त्या मीटरचा इनपुट रेझिस्टन्स एक मेग असतो आणि कपॅसिटर भरणाराही एक मेग, दोघांत वाटणी झाली. आणि पुढची मजा म्हणजे मीटर तसाच लावून बटण दाबलं तर दिवा लागतो पण जात नाही, कारण सव्वापाच हे ७.५ च्या वर जाणारच नाहीत. मीटर काढला की सगळं पूर्ववत. चांगला मीटर, दहा मेगवाला, साडेनऊ दाखवतो, त्याने टॉगल अडत नाही. मोजायचंच असेल तर आउटपुटवर मोजा, तीन नंबरवर मोजा, कपॅसिटरला हात लावू नका.

लोडचं बोलू. मीटरभर पट्टी, दाट एलईडीवाली, सव्वा अँपिअरच्या घरात घेते, आणि एलएम३५८ वीस-तीस मिलिअँपिअरचा माणूस, त्यामुळे मध्ये मॉसफेट, म्हणजे मोठा करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर, लागणारच. आयआरएफझेड४४एन लावलाय, गेटला, म्हणजे त्याच्या कंट्रोलच्या पायाला, सरळ एक के मधून आउटपुट, साडेदहा व्होल्टला तो मॉसफेट कडक चालू होतो, सव्वा अँपिअरला हाताला गरमसुद्धा लागत नाही, हीटसिंक नको. बंद करताना मात्र एक बारीक मेख आहे. एलएम३५८ ग्राउंडपर्यंत जातो हे खरं, पण त्याच्यात करंट ढकलला नाही तोवरच. या सर्किटात खाली असताना फीडबॅकच्या रेझिस्टरमधून चाळीस मायक्रोअँपिअर त्याच्याकडे येतात आणि ग्राउंडच्या अगदी जवळ राहून त्याची गिळायची ताकद साधारण तेवढीच, पन्नासच्या आसपास. त्यामुळे एखादा नग शून्याऐवजी काही शेकडा मिलिव्होल्ट दाखवेल. मॉसफेटला दोन व्होल्टच्या खाली काहीच कळत नाही म्हणून फरक पडत नाही. पण बीसी५४७ ट्रान्झिस्टर आणि रिले लावणार असाल तर बेस आणि एमिटरमध्ये दहा के टाका, आणि रिलेवर १एन४००७ डायोड उलटा, तो तर विसरायचाच नाही.

इथेच ७४१ वाले येतात. घरात पडलाय म्हणून ७४१ चालेल का, तर फेअरचाइल्डचा १९६८ चा तो आयसी प्लस-मायनस दोन सप्लायच्या जमान्यातला आहे, एका सप्लायवर त्याचं आउटपुट खाली येताना दीड-दोन व्होल्टवरच अडकतं. टॉगल होईल, पण बीसी५४७ बंदच होणार नाही आणि मॉसफेटवर पट्टी मिणमिणत राहू शकते. बेसच्या आधी सिरीजमध्ये झेनर टाकून लोक भागवतात, पण दहा रुपयाला ३५८ मिळत असताना कशाला. टीएल०७२ हा ऑप अँप ऑडिओत राजा आहे, पण इनपुट ग्राउंडला गेलं की त्याचं आउटपुट उलटं पलटू शकतं, आणि आपल्याकडे तर प्रत्येक दुसऱ्या दाबाला इनपुट ग्राउंडलाच जातं. एलएम३५८ चं इनपुट ग्राउंडपर्यंत अधिकृतपणे चालतं, या कामात त्याची निवड होते ती मुख्यतः याच्यामुळे.

आता ज्यांनी इथवर वाचलंय त्यांच्या मनात असेल की सीडी४०१३, म्हणजे अवस्था लक्षात ठेवणारा तयार फ्लिप-फ्लॉपचा लॉजिक आयसी, का नाही. बरोबर आहे. क्यू-बार डीला जोडला की टॉगल तयार, करंट जवळजवळ शून्य, ऑप अँपचा मार्ग त्यामानाने वळणाचाच. बॅटरीवर चालणारं काही असेल तर मी डोळे झाकून ४०१३ घेईन, कारण एलएम३५८ नुसता बसून पाऊण-एक मिलिअँपिअर खातो, ९ व्होल्टची चांगली अल्कलाइन बॅटरी पाचशे मिलिअँपिअर-तासांची धरली तरी दिवा एकदाही न लावता तीन-चार आठवड्यांत आडवी. ५५५ या टायमर आयसीनेही हाच कपॅसिटरवाला टॉगल होतो, त्याचे थ्रेशोल्ड आतच बांधलेले असतात आणि तो दोनशे मिलिअँपिअर देतो, पण स्वतः १२ व्होल्टला सात-आठ मिलिअँपिअर खातो. पण भिंतीतल्या अडॅप्टरवर कायम लटकणारं, बेलच्या बटणाचं, लांब वायरचं काम असेल तर ४०१३ ला डिबाउन्स लावा, रिसेट लावा, सीमॉसचे रिकामे इनपुट बांधा, हे सगळं करून पार्ट तेवढेच होतात. आणि शिकायचं असेल तर मग प्रश्नच नाही, लॉजिक आयसीत आत काय चाललंय ते दिसत नाही, इथे प्रत्येक पिनवर मीटर लावला की थ्रेशोल्ड डोळ्यांसमोर ७.५ वरून ४ वर उडी मारतो. डिप्लोमाच्या पोरांना जर्नलमध्ये हिस्टेरेसिसचा चौकोन काढायला लावण्यापेक्षा हे बांधायला लावा.

रेटिंग ५ पैकी ४. एक स्टार बॅटरीचा आणि त्या ३ व्होल्टच्या डेटाशीटचा कापला. १२ व्होल्टला पैसे वसूल, ९ ला चांगला, ५ ला जपून, त्याच्या खाली घेऊ नका. घेताना दोन-तीन नग घ्या. आणि एका आयसीत दोन ऑप अँप असतात, दुसरा वापरायचा नसेल तर सहा आणि सात जोडून टाका आणि पाच नंबर मध्यावर बांधा, उघडा सोडू नका. मी सोडला नाहीये, आजोबांच्या बाजूला १२ व्होल्टचा छोटा पंखा आहे, पाच-सहा-सात वर हेच सर्किट परत केलंय, फक्त मोटर आहे म्हणून मोटरवर उलटा एक डायोड जास्त आणि सप्लायवर ४७० मायक्रोफॅरड जास्त, नाहीतर पंखा चालू होताना जो झटका येतो त्याने शेजारची पट्टी पलटते.